रेडिओचा फिल्टर किती अरुंद ठेवावा?

डिसेंबरात तुरीच्या वावरात जागलीला बसून रेडिओ मीडियम वेव्हवर लावला की अर्धा देश एकमेकांच्या अंगावर चढून बोलताना ऐकू येतो. आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्झ ही जागा घ्या. तिच्या खालच्या अंगाला ५७६ वर केरळमधलं अलप्पुळा आहे आणि वरच्या अंगाला ५९४ वर कोलकात्याजवळच्या चिन्सुऱ्याचा एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर. दिवसा या लहरी जमिनीलगत चालतात, लांबच्या केंद्रांचा त्रास होत नाही. रात्री त्या आकाशातून परावर्तित होऊन हजार किलोमीटरवरून येतात आणि शेजारी घरात शिरतो. मग आपण बँडविड्थचं, म्हणजे फिल्टरची रुंदी बदलायचं, बटण दाबतो. शेजारी गप्प होतो खरा, पण नागपूरचा निवेदकही घोंगडी पांघरून बोलल्यासारखा वाटायला लागतो.

आकाशवाणीची बरीच मीडियम वेव्ह केंद्रं अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत. त्यामुळे तुमच्या गावात आज काय लागतं ते आधी एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर डायल फिरवून पाहा. खाली दिलेली रीत कोणत्याही केंद्राला लागू होते.

चाळणी आहे, पण साधी नाही

नेहमीचा रेडिओ सुपरहेट पद्धतीचा असतो. कोणतंही केंद्र लावा, रेडिओ त्याला आतल्या एका ठरलेल्या जागी, बहुतेक ४५५ किलोहर्ट्झवर आणून बसवतो. ५८५ लावलं की आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग, १०४० वर चालतो, कारण १०४० वजा ५८५ म्हणजे ४५५. त्याच वेळी शेजारचं ५९४ आत ४४६ वर येऊन उभं राहतं. ४५५ ला आत घ्यायचं आणि ४४६ ला बाहेर ठेवायचं, एवढं काम आयएफ फिल्टरचं (आयएफ म्हणजे हीच आतली मधली वारंवारता).

फिल्टरवर '६ किलोहर्ट्झ' लिहिलेलं असतं, म्हणजे त्या रुंदीच्या कडांवर सिग्नल ६ डेसिबलने (जोराच्या फरकाचं माप) घटलेला असतो. कडेपलीकडे तो किती वेगाने पडतो हे त्या आकड्यात नसतं. ते कळण्यासाठी ६० डेसिबल घट कुठे होते ते पाहायचं आणि त्या रुंदीला ६ डेसिबलच्या रुंदीने भागायचं. २.४ किलोहर्ट्झचा चांगला क्रिस्टल फिल्टर ६० डेसिबलला ४ किलोहर्ट्झ असेल, तर गुणोत्तर १.७ च्या आत येतं. स्वस्त सिरॅमिक फिल्टरचं तीनच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतं. स्वयंपाकघरातल्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये फिल्टरच नसतो, पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या टोपीच्या तीन आयएफ कॉइल तेवढ्या असतात. त्यांचा उतार इतका सपाट असतो की बारीक स्वर दोन-अडीच किलोहर्ट्झपासूनच मंदावतात आणि शेजाऱ्यालाही पूर्ण अडवलं जात नाही. दोन्हीकडून तोटा. म्हणून '६' लिहिलेले दोन रेडिओ शेजारी ठेवले तर आवाज सारखा येईलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो ती गोष्ट. एएम, म्हणजे मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हच्या नेहमीच्या प्रसारणात, कॅरियरच्या (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीच्या) दोन्ही बाजूंना तोच आवाज दोनदा असतो, म्हणून ६ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून कानापर्यंत फक्त ३ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पोहोचतात. एसएसबीत (सिंगल साईडबँड, हौशी रेडिओवाल्यांची बोलायची पद्धत) एकच बाजू असते, तिथे फिल्टरची जवळजवळ सगळी रुंदी आवाजाला मिळते. २.४ चा फिल्टर एसएसबीवर नीट बोलतो. तोच एएमवर लावला तर १.२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. 'माझा रेडिओ एसएसबीवर स्वच्छ आणि एएमवर बोदा का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

आधी कानाची तालीम

फिल्टर बदलून ऐकण्यापूर्वी काय ऐकायचं ते ठरवा. संगीत लावून निर्णय घेऊ नका, बातम्या किंवा बाजारभाव लावा. आवाजाचा जोर आणि स्वर (आ, ई, ओ) बहुतांशी एक-दीड किलोहर्ट्झच्या खाली असतात, शब्द ओळखू येतो तो त्यावरच्या व्यंजनांमुळे. 'स' आणि 'श' यांची फुसफुस तर बहुतेक ३ किलोहर्ट्झच्या वरच असते. म्हणून अरुंद फिल्टरवर 'साठ' आणि 'आठ' यांत गल्लत होते, 'सहा' आणि 'दहा' जवळ येतात. सोयाबीनच्या भावात हा फरक लहान नाही. कपाशी, तूर, हरभरा असे अख्खे शब्द मात्र संदर्भावरून कळतात, त्यामुळे आवाज स्पष्टच आहे असा भ्रम होतो. परीक्षा घ्यायची तर आकड्यांवर घ्या.

तयारी अशी. रेडिओ चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. कानात साधे वायरवाले इअरफोन घाला, रेडिओचा छोटा स्पीकर स्वतःच एक फिल्टर असतो आणि फरक लपवतो. टोनचं बटण मधोमध ठेवा, 'बास' बंद करा. प्रत्येक रुंदीवर वीस-वीस सेकंद ऐकून आकडे कागदावर लिहा. रुंदी कमी केली की आवाज थोडा हळू होतो आणि हळू आवाज कानाला नेहमी वाईट वाटतो, म्हणून दर वेळी व्हॉल्यूम सारखा करून घ्या.

रेडिओत रुंदी बदलायची सोय नसेल तर मोबाइलवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ, उघडा. त्यात फिल्टरच्या दोन्ही कडा ओढून हलवता येतात. मराठी ऐकायला मिळणार नाही, पण कडा सरकली की आवाजाचं काय होतं ते अर्ध्या तासात कानात बसतं. गावात नेट अडखळत असेल तर पहाटे बसा.

एएमवर रुंदी ठरवायची रीत

सगळ्यात रुंद जागेपासून सुरुवात करा. एसआय४७३५ (Si4735) जातीच्या चिपवर चालणाऱ्या छोट्या डिजिटल रेडिओत एएमसाठी ६, ४, ३, २.५, २, १.८ आणि १ किलोहर्ट्झ अशा पायऱ्या मिळू शकतात, यापैकी मोजक्याच बटणावर दिलेल्या असतात. दुपारी जवळचं केंद्र ऐकताना ६ च्या खाली जायचं कारण नाही. रात्री ६ वर शेजाऱ्याची कुरकुर येत असेल तर ४ वर या. तिथे आकडे कळतात का पाहा. ३ वर आल्यावर उरलीसुरली व्यंजनंही जवळजवळ गेलेली असतात. २ आणि १ हे आकडे केंद्र आहे की नाही एवढं शोधायला ठीक, ऐकायला नाहीत.

एखाद्या केंद्रावर सतत उंच पट्टीची बारीक शिट्टी असेल तर तिचा सूर ओळखा. मीडियम वेव्हवर आपल्याकडे दोन वाहिन्यांत ९ किलोहर्ट्झ अंतर असतं, म्हणून दोन कॅरियरची शिट्टी ९ किलोहर्ट्झची असते. वय वाढलेल्या कानांना ती बऱ्याचदा ऐकूही येत नाही. शॉर्टवेव्हवर अंतर ५ चं, शिट्टीही ५ ची, आणि ती कान किटवते. ६ किलोहर्ट्झचा चांगला फिल्टर म्हणजे वर ३ पर्यंतचाच आवाज, त्यात ५ ची शिट्टी मरायला हवी. मरत नसेल तर फिल्टरचा उतार सपाट आहे असं समजा.

रुंदी कमी करण्यापूर्वी आणखी एक युक्ती करून पाहा, आमच्या मते रात्रीच्या एएमसाठी हीच सगळ्यात उपयोगी. त्रास वरच्या बाजूने, समजा ५९४ वरून येत असेल, तर रेडिओ ५८५ ऐवजी ५८४ वर लावा. शेजारी फिल्टरच्या कडेपासून आणखी एक किलोहर्ट्झ लांब जातो, आणि आपल्या केंद्राची खालची बाजू फिल्टरमध्ये जास्त आत येते, म्हणजे बारीक स्वर परत मिळतात. ४ किलोहर्ट्झच्या फिल्टरवर एक, फार तर दीड किलोहर्ट्झ सरका. दोनच्या पुढे गेलात तर कॅरियरच फिल्टरबाहेर पडतो आणि आवाज फाटतो, लाउडस्पीकर जास्त चढवल्यासारखा. फाटायला लागला की एक पाऊल मागे.

केंद्र दर मिनिटाला वर-खाली होतं आणि बुडताना आवाज विचित्र तुटतो, हा दोष मात्र फिल्टरचा नव्हे. आकाशातून दोन वाटांनी आलेल्या लहरींत कॅरियर काही क्षण नाहीसा होतो, त्यामुळे तसं होतं. रेडिओत सिंक (हरवलेल्या कॅरियरच्या जागी रेडिओचा स्वतःचा कॅरियर वापरायची सोय) किंवा एसएसबी असेल तर ते चालू करून शून्य बीटवर, म्हणजे शिट्टीचा सूर उतरत नाहीसा होतो तिथे, लावा आणि ज्या बाजूला शेजारी नाही ती बाजू निवडा. अरुंद फिल्टरने या तुटण्यात काही सुधारत नाही.

काही ठिकाणी वाहिनीच्या शेजारी पाण्याच्या धारेसारखी अखंड फुसफुस ऐकू येते. मीडियम वेव्हवरच्या डीआरएम या डिजिटल प्रसारणाचा तो आवाज. तो रेडिओचा बिघाड नाही आणि साध्या रेडिओत त्याचा अर्थही लागत नाही. वरच्यासारखं एक किलोहर्ट्झ सरकून त्यापासून लांब जाता येतं, तेवढंच.

हॅमचा आवाज: एसएसबी

७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात संध्याकाळी भारतातले हॅम, म्हणजे परवाना असलेले हौशी रेडिओवाले, बोलतात, तेही लोअर साईडबँडवर (एसएसबीतली खालची बाजू). इथे २.४ किलोहर्ट्झचा फिल्टर म्हणजे साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ. आधी सूर जुळवा, मग फिल्टरला हात लावा. शंभर हर्ट्झ चुकलं तरी माणूस नाकातून किंवा ड्रमातून बोलतो असं वाटतं, आणि लोक त्याचा दोष फिल्टरला देतात. दहा हर्ट्झच्या पायरीने फिरवत आवाज माणसासारखा वाटेपर्यंत आणा.

शेजारी बोलायला लागला तर तो कसा ऐकू येतो ते पाहा. लोअर साईडबँडवर खालच्या वारंवारतेचा शेजारी आपल्या कानात वरच्या पट्टीत चिवचिवतो, चिमण्या भांडल्यासारखा. वरच्या वारंवारतेचा शेजारी खाली गुरगुरतो. कोण कुठे हे पाठ करायची गरज नाही: चिवचिव असेल तर वरची कड खाली आणा, गुरगुर असेल तर खालची कड वर न्या. पासबँड ट्यूनिंग किंवा आयएफ शिफ्ट नावाचं बटण हेच करतं.

नुसती वरची कड कापत गेलं की आवाज बोदा होतो, माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. वरून १८०० पर्यंत खाली आलात तर खालून ३०० च्या खाली उतरू नका. एसडीआरमध्ये (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत) खालची कड १०० हर्ट्झपर्यंत उघडली की आवाज भारदस्त वाटतो, पण त्या भागात शब्द नसतात, असते ती घरघर. दमदार वाटणं आणि कळणं यांत निवडायचं असेल तर कळणं निवडा.

१.८ किलोहर्ट्झ ही बोलण्यासाठी शेवटची सोसवेल अशी रुंदी. तिथे हिंदी-मराठी वाक्यं कळतात, पण अनोळखी कॉलसाइन (हॅमची अक्षर-आकड्यांची ओळख) चुकतो. कॉलसाइन लिहून घेताना क्षणभर २.४ वर या आणि पुन्हा अरुंद करा.

मोर्स, झटका मशीन आणि वाजणारा फिल्टर

रुंदी कमी केली की आतला खरखराट कमी होतो, आणि त्याचा हिशोब सरळ आहे: रुंदी अर्धी केली की खरखर ३ डेसिबलने उतरते. २४०० वरून ५०० हर्ट्झला आलं की जवळजवळ ७ डेसिबल, २५० ला आलं की जवळजवळ १०. मोर्सला स्वर एकच लागतो, म्हणून तिथे हा फायदा पूर्ण मिळतो. आधी २.४ वर सिग्नलचा सूर रेडिओच्या ठरलेल्या सुरावर, ६०० किंवा ७०० हर्ट्झवर आणा, मगच ५०० चं बटण दाबा. उलट केलं तर सिग्नल फिल्टरच्या कडेला राहतो आणि 'फिल्टर लावला की सिग्नल गायब' ही तक्रार तयार होते.

पण फिल्टरला वेळही लागतो. तो घंटेसारखा असतो: जितका अरुंद, तितका ठोक्यानंतर जास्त वेळ घुमतो. अंदाज असा की घुमण्याचा काळ म्हणजे एक भागिले रुंदी. २५० हर्ट्झला ४ मिलिसेकंद, १०० हर्ट्झला १०, आणि उभ्या कडांच्या फिल्टरला याच्या दुप्पट-तिप्पट. मिनिटाला वीस शब्दांच्या मोर्समध्ये एक ठिपका ६० मिलिसेकंदांचा असतो, म्हणून १०० हर्ट्झवर ठिपक्यांच्या कडा विरघळतात, मोर्स वाहत्या नळासारखं ऐकू येतं आणि मागची खरखरही शिट्टी घालायला लागते. हळू मोर्सला २५० चालतं. वेगवान मोर्स ५०० वर जास्त बरं ऐकू येतं, कागदावरचा हिशोब काहीही म्हणो.

विदर्भात हे घुमणं फार ठिकाणी नडतं, कारण रोही आणि रानडुकरांसाठी वावराभोवती सौर झटका मशीनची तार असते. साधारण सेकंदाला एक या लयीत 'टक्… टक्…' येत असेल तर ते हेच. मूळ ठोका एका मिलिसेकंदाच्याही आतला असतो. ६ किलोहर्ट्झच्या फिल्टरवर तो कोरडा 'टक्' राहतो आणि कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. २५० हर्ट्झवर तोच 'टुण्ण' होऊन मोर्सच्या ठिपक्यासारखा वाजतो. म्हणजे खरखर घालवायला फिल्टर अरुंद केला आणि टकटक वाढली. मे-जूनमधल्या विजांच्या कडकडाटाचंही तसंच.

यावर उपाय क्रमाने करा. रेडिओत नॉईज ब्लँकर (ठोक्याच्या क्षणापुरता सिग्नल कापणारी सोय) असेल तर फिल्टर रुंद असतानाच तो चालू करून टकटक जाईपर्यंत वाढवा, त्यानंतर फिल्टर अरुंद करा. ब्लँकर फिल्टरच्या आधी बसलेला असतो. तिथे ठोका अजून बारीक असतो, म्हणून तेवढाच क्षण कापता येतो. फिल्टरमधून घुमून बाहेर पडलेला ठोका कुणालाच कापता येत नाही. ब्लँकर फार वाढवला तर जवळचं जोरदार केंद्र तुटक ऐकू येतं, तेव्हा मागे घ्या. ब्लँकर नसेल तर एजीसी (सिग्नलप्रमाणे जोर आपोआप कमी-जास्त करणारी सोय) 'फास्ट'वर ठेवा, आरएफ गेन (अँटेनाकडच्या सिग्नलची वाढ) थोडा उतरवा आणि एक पायरी रुंद फिल्टर वापरा. एजीसी 'स्लो' असेल तर प्रत्येक ठोक्यानंतर रेडिओ अर्धा सेकंद बहिरा होतो आणि दोन ठोक्यांत ऐकायला काही उरतच नाही.

पावसाळ्यात टकटक वाढली असेल तर तारेवर चढलेलं गवत आणि फुटलेले इन्सुलेटर पाहा, तिथे ठिणगी पडत असते. मशीन बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नका आणि मशीन उघडूही नका. गवत कापल्यावर रेडिओला होणारा फायदा कोणत्याही फिल्टरपेक्षा मोठा असतो.

एफएमवर सूर फाटतो

एफएमचा हिशोब वेगळा. इथे आवाज वारंवारतेच्या हलण्यात असतो: प्रसारणात कॅरियर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलतो. मोनोला साधारण १८० आणि स्टिरिओला २५० किलोहर्ट्झच्या आसपास रुंदी लागते. फिल्टर अरुंद केला की एएमसारखा आवाज मंद होत नाही, जोरात बोललं की फाटतो. हळू बोलणं स्वच्छ आणि 'स' किंवा टाळी आली की चरचर, ही खूण.

वणीच्या आसपास याचा अनुभव सहज येतो. आकाशवाणी यवतमाळ १०२.७ वर आणि चंद्रपूर १०३.० वर, अंतर फक्त ३०० किलोहर्ट्झ. अकोल्याचं १०२.४ आणि यवतमाळचं १०२.७ यांच्या मधल्या पट्ट्यात, कारंजा-दारव्ह्याकडेही तेच. रुंद फिल्टरचा रेडिओ कमजोर केंद्र लावलं तरी जोरकस केंद्राकडे ओढला जातो.

एफएमची आतली ठरलेली जागा १०.७ मेगाहर्ट्झ, तिचे तीन पायांचे सिरॅमिक फिल्टर २८०, २३०, १८०, १५० आणि ११० किलोहर्ट्झ रुंदीचे मिळतात. अशा गावांसाठी दोन फिल्टर असलेल्या रेडिओत एक २३० चा आणि एक १८० चा, हा आमचा पसंतीचा जोड. दोन्ही ११० केले तर दूरचं केंद्र वेगळं होतं, पण ते मोनोवरच ऐकावं लागतं आणि गाणं करपतं. फिल्टरवरचा रंगीत ठिपका पाहा: लाल म्हणजे मध्य बरोबर १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३, काळा १०.६४, पांढरा १०.७६. एकाच रेडिओत दोन वेगळे रंग बसवले तर दोन चाळण्यांची भोकं जुळत नाहीत आणि आवाज चांगल्या सिग्नललाही फाटतो. स्वस्त दुरुस्तीत ही चूक नेहमी दिसते.

जे फिल्टरने सुटत नाही

खराब आवाजाचं कारण फिल्टरच्या आधीच असेल तर फिल्टर बदलून उपयोग नाही. मोठ्या ट्रान्समीटरच्या जवळच्या गावात निंबापासून घरापर्यंत ताणलेली लांब तार रेडिओचा पहिला टप्पाच गुदमरवते आणि नसलेली केंद्रं ऐकू येतात. ओळखायचं असं: अँटेना अर्धी करा किंवा १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. खरं केंद्र १० नेच उतरतं, खोटी केंद्रं त्यापेक्षा कितीतरी जास्त उतरून नाहीशी होतात.

जोरदार केंद्र लावल्यावरच ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर येते आणि मधल्या जागेत नसते, तर ती चार्जरच्या डायोडमधून येते. प्रत्येक डायोडला समांतर १० नॅनोफॅरडचा, किमान १ किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर जोडला की बहुधा जाते. हे काम मेनच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, बाजूचं आहे, सवय नसेल तर नुसती बॅटरी वापरा. एलईडी बल्ब आणि सौर चार्ज कंट्रोलर यांची भुणभुण सगळ्या डायलवर पसरलेली असते. ती एकेक वस्तू बंद करूनच शोधावी लागते. लाइन गेली की पाच मिनिटं डायल फिरवून पाहा, कोणता आवाज गेला त्यावरून गुन्हेगार सापडतो.

सिरॅमिक फिल्टर बदलणं

सीएक्सए१६९१ किंवा तिच्या सीडी१६९१ या जोडीदार चिपवरच्या रेडिओत ४५५ चा तीन पायांचा एक छोटा फिल्टर असतो, रुंदी साधारण १० किलोहर्ट्झ. त्याच्या जागी सीएफयू किंवा सीएफडब्ल्यू जातीचा मोठा फिल्टर बसवता येतो. शेवटचं अक्षर रुंदी सांगतं: ई १५, एफ १२, जी ९, एच ६, आय ४ किलोहर्ट्झ. रात्रीच्या मीडियम वेव्हला 'एच' घ्या. 'आय' घेतला तर बातम्या कळतात, गाणी ऐकवत नाहीत.

१. जुना फिल्टर काढण्यापूर्वी एक कमजोर केंद्र लावून आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, तुलना करायला हाच पुरावा.

२. २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री वापरा. प्रत्येक पायाला तीन सेकंदांहून जास्त उष्णता देऊ नका, ट्रॅक उचलला जातो.

३. डेटाशीटवरून इनपुट, आउटपुट आणि ग्राउंडचे पाय ओळखा. ग्राउंडचे सगळे पाय, आणि पेटी धातूची असेल तर तीही, शक्य तितक्या आखूड तारेने बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. इनपुट-आउटपुटच्या तारा लांब आणि शेजारी ठेवल्या तर सिग्नल फिल्टरला वळसा घालून पलीकडे जातो, आणि ६ चा फिल्टर लावूनही शेजारी तसाच ऐकू येतो.

४. या फिल्टरना दोन्ही टोकांना १.५ ते २ किलोओहम दिसायला हवेत. जुळलं नाही तर माथा सपाट राहत नाही, एक बाजू उंच होते आणि केंद्र एका बाजूला थोडं सरकवल्यावरच नीट लागतं. आउटपुट ते ग्राउंड २.२ किलोओहम लावून पाहा, फरक ऐकू आला तर ठेवा. मात्र त्या पायावर चिपचा डीसी व्होल्टेज असेल तर रेझिस्टरसोबत १०० नॅनोफॅरड मालिकेत घाला.

५. शेवटी आयएफ कॉइल प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने अर्धा फेरा आत-बाहेर करून कमजोर केंद्र सगळ्यात जोरात येईल तिथे ठेवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने केलेलं ट्यूनिंग तो काढल्यावर बिघडतं, आणि ठिसूळ गाभा फुटतो तो वेगळाच. लाल टोपीची कॉइल ऑसिलेटरची, तिला हात लावू नका, नाहीतर डायलवरचे आकडेच सरकतील.

रेडिओ न उघडता: कानाजवळचा फिल्टर

उघडायची हिंमत नसेल तर इअरफोनच्या जॅकनंतर लावायचा २.३ किलोहर्ट्झचा फिल्टर अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळणाऱ्या मालावर बनतो. एलएम३५८ ही दोन भागांची आयसी एक, १० किलोओहमचे चार रेझिस्टर, १० नॅनोफॅरड आणि ४.७ नॅनोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर प्रत्येकी दोन, १०० किलोओहम दोन, ४.७ किलोओहम दोन, १ आणि १० मायक्रोफॅरड एकेक, ३३ ओहम एक, ९ व्होल्टची बॅटरी आणि पुढे एलएम३८६ चं तयार छोटं अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड.

जॅकच्या सिग्नलवर ३३ ओहम ग्राउंडला, मग १ मायक्रोफॅरडमधून सिग्नल दोन १०० किलोओहमच्या मधल्या बिंदूवर. त्यांची दुसरी टोकं ९ व्होल्ट आणि ग्राउंडला, म्हणजे बिंदू साडेचार व्होल्टवर बसतो. तिथून १० किलोओहम, पुढे आणखी १० किलोओहम, मग आयसीच्या पहिल्या भागाचा प्लस पाय. प्लस पायापासून ग्राउंडला ४.७ नॅनोफॅरड. दोन रेझिस्टरच्या सांध्यापासून आयसीच्या आउटपुटला १० नॅनोफॅरड. मायनस पाय आउटपुटलाच जोडा. हेच सगळं दुसऱ्या भागावर पुन्हा, पहिल्याचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या पहिल्या रेझिस्टरला. दोन्ही आउटपुटपासून ग्राउंडला ४.७ किलोओहम लावा. ते विसरलात तर एलएम३५८ हळू आवाजात चरचर करतो आणि दोष फिल्टरवर जातो. शेवटी १० मायक्रोफॅरडमधून एलएम३८६ ला.

५ किलोहर्ट्झची शिट्टी याने साधारण २७ डेसिबलने खाली येते, म्हणजे जवळजवळ नाहीशी होते. चकती कपॅसिटर वापरू नका, उन्हात त्यांचं मूल्य सरकतं. मूल्यं एकमेकांच्या जागी लागली (४.७ वर आणि १० खाली) तर कड गोल होते, मधलेच स्वर मंदावतात आणि आवाज नुसता बोदा होतो.

या फिल्टरला एक मर्यादा आहे. तो एजीसीच्या नंतर बसतो. शेजारचं केंद्र इतकं जोरकस असेल की त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर तुमचं केंद्र खाली दबतं, तर ते दबणं आत, आयएफमध्ये झालेलं असतं. तुमचा निवेदक शेजाऱ्याच्या लयीत वर-खाली होत असेल तर हा डबा बाजूला ठेवा आणि रेडिओ आडवा फिरवून पाहा. आतल्या फेराइट कांडीचं टोक ज्या दिशेला असतं तिकडचं केंद्र जवळजवळ बुडतं, म्हणून कांडीचं टोक शेजाऱ्याकडे करा.